हरकतीच्या मुदतीतच टेप घेऊन बाहेर पडा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या दैनिकाच्या आतल्या पानांवर, नावात बदल आणि हरवले-सापडले यांच्या शेजारी, बारीक टायपात ‘जाहीर नोटीस’ छापून येते. अमुक सर्व्हे नंबरवरील उद्यानाचे आरक्षण उठवून जागा रहिवास विभागात घेण्याचा प्रस्ताव असतो, नाहीतर अमुक रस्त्यावरची इतकी झाडे तोडण्याचा अर्ज असतो. हरकत असल्यास अमुक दिवसांत लेखी कळवावे, असे शेवटी म्हटलेले असते. ती क्वचितच कोणी वाचते. पुढे जेसीबी येतो, करवत चालू होते आणि मग लोक रस्त्यावर उतरतात. त्यांची कळकळ खरी असते. पण तोवर ठराव झालेला असतो, कार्यादेश (ठेकेदाराला काम सुरू करण्याचा लेखी आदेश) निघालेला असतो आणि ठेकेदाराची मुदत सुरू झालेली असते. काम थांबवायचे तर आता पालिकेला स्वतःचाच निर्णय फिरवावा लागतो, आणि ते सहसा होत नाही. न्यायालयात गेले तरी पहिल्याच तारखेला विचारणा होते: मुदतीत हरकत घेतली होती का?

म्हणून पर्यावरणासाठी, सुरक्षित सायकलिंगसाठी किंवा मोकळ्या जागांसाठी धडपडणाऱ्या प्रत्येक गटाने आधी मुदतींचे गणित पक्के करावे, अशी विनंती या पत्रातून करत आहोत. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २६ खाली प्रारूप विकास योजना (शहराच्या जमीनवापराचा कच्चा आराखडा) प्रसिद्ध झाली की हरकती-सूचनांसाठी निदान ३० दिवस मिळतात. मंजूर योजनेत कलम ३७ खाली फेरबदल करायचा असेल तर एक महिना. झाडांच्या बाबतीत १९७५ च्या वृक्ष कायद्यानुसार वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी लागते, प्रत्यक्ष झाडावरही नोटीस लावावी लागते, आणि हरकतीला जेमतेम ७ दिवस असतात. झाडावर नोटीस नसेल तर त्याच दिवशी तारखेसह फोटो काढून वृक्ष अधिकाऱ्याला लेखी कळवावे. प्रक्रियेतली ही त्रुटी पुढे सर्वांत जास्त उपयोगी पडते.

आता माहिती अधिकार. अर्जाचे उत्तर द्यायला कार्यालयाला ३० दिवस असतात. म्हणजे झाडांची नोटीस पाहून अर्ज टाकला तर उत्तर येईपर्यंत झाड जाग्यावर नसणार, आणि कलम ३७ च्या बाबतीतही कागद मुदतीच्या शेवटच्या दिवशी हातात पडणार. अर्ज नोटिशीच्या आधी गेलेला असावा लागतो. ते जमते, कारण प्रभागातली मोठी कामे पालिकेच्या अंदाजपत्रकात नावानिशी आलेली असतात. अंदाजपत्रक मंजूर झाले की लगेच आपल्या भागातल्या कामांचा आडवा छेद (रस्त्याच्या रुंदीत काय कुठे येणार ते दाखवणारा नकाशा), सविस्तर खर्चपत्रक आणि बाधित झाडांची यादी मागून ठेवावी. १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप पुरतो. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत हवा. अनेक अर्ज केवळ या कारणाने परत येतात. ‘रस्त्याची सर्व माहिती द्यावी’ असे लिहिले तर उत्तरही तितकेच मोघम मिळते. कागदाचे नाव घालून मागावे: आडव्या छेदाचा नकाशा, कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेतील (झालेल्या कामाच्या मापांच्या नोंदवहीतील) अमुक पाने. याच कायद्याच्या कलम २(ञ) मध्ये कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा हक्कही आहे. तो फार कमी वापरला जातो.

निविदा हा आणखी एक टप्पा आहे आणि तिकडे गटांचे सहसा लक्ष नसते. राज्याच्या ई-निविदा संकेतस्थळावर निविदेचे कागद पाहता येतात. निविदा भरण्याची मुदत संपण्याआधी चूक दाखवली तर पालिका शुद्धिपत्रक काढून ती सुधारू शकते. कार्यादेशानंतर तीच सुधारणा ‘अतिरिक्त बाब’ ठरते, तिला नव्याने मंजुरी आणि पैसे लागतात, आणि अभियंत्याला पटलेली सूचनाही मग फाइलमध्ये पडून राहते.

हरकत कशी लिहावी याबद्दल थोडे सविस्तर. व्हॉट्सअॅपवर एक मसुदा फिरतो, हजार जण नाव घालून तोच देतात. संख्येचे वजन नाही असे नाही, पण एकसारख्या मजकुराच्या हरकती एका गठ्ठ्यात जातात आणि एकाच ओळीत निकाली निघतात. वीस वेगवेगळ्या, मुद्देसूद हरकतींना वीस उत्तरे द्यावी लागतात. एका हरकतीत एकच जागा आणि एकच मुद्दा घ्यावा. वरती नोटिशीचा क्रमांक व तारीख, मग सर्व्हे किंवा सिटी सर्व्हे नंबर, आराखड्याच्या शीटचा क्रमांक, आरक्षणाचा क्रमांक. त्यानंतर जागेवरची स्थिती, तिला मोजमापाचा आधार, आणि शेवटी काय बदल हवा ते स्पष्ट शब्दांत. ‘पर्यावरणाचा ऱ्हास होईल’ या वाक्यावर हरकती ऐकणाऱ्या समितीला काही करता येत नाही. ‘प्रस्तावित १८ मीटर रस्त्याच्या आखणीत ओढ्याचे ४० मीटर लांबीचे पात्र येते, आखणी पूर्वेला सरकवावी, सोबत गाव नकाशाची प्रत आणि फोटो’ या वाक्यावर करता येते. ‘प्रत्यक्ष सुनावणी द्यावी’ ही ओळ न विसरता घालावी. आवक विभागात देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घ्यावी. ईमेल पाठवला असला तरी पोच घेतलेली प्रत हवीच.

सुनावणीत प्रत्येकाच्या वाट्याला काही मिनिटे येतात. तिथे भाषण न करता आराखड्याच्या भाग नकाशावर (आपल्या भागापुरत्या नकाशावर) लाल पेनाने खूण केलेली एक प्रत समितीपुढे ठेवावी आणि मागणीचे एक वाक्य वाचून दाखवावे. आपले म्हणणे इतिवृत्तात काय शब्दांत आले, त्याची प्रत नंतर मागावी.

ओढ्याचे उदाहरण वर दिले ते मुद्दाम. भूमी अभिलेख कार्यालयातून जुना गाव नकाशा घेऊन तो विकास योजनेच्या भाग नकाशावर ठेवून पाहावा. गाव नकाशात दोन रेघांनी दाखवलेला ओढा नव्या नकाशात एका रेघेवर आलेला किंवा मधूनच गायब झालेला दिसतो. नकाशावरून ओढा गेला तरी पावसाचे पाणी जायचे थांबत नाही, ते वाट मिळेल त्या तळमजल्यात शिरते. नदीकाठी निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तर लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. भराव टाकून जागा निळ्या रेषेच्या वर आल्याचे दाखवले जाते, तेव्हा भराव कधी पडला हे सिद्ध करायला जुन्या उपग्रह चित्रांची तारीखवार मालिका लावावी. त्याहून सोपा पुरावा नाही.

आता रस्ता. सायकल मार्गाची मागणी करणारे आणि तो मंजूर करणारे दोघेही बहुधा किलोमीटरमध्ये बोलतात. सायकलस्वाराचा जीव मात्र सेंटिमीटरवर अवलंबून असतो. पाच मीटरचा टेप, खडू आणि मोबाइल घेऊन दोघांनी एका सकाळी एक रस्ता मोजला, तर सभागृहातल्या दहा भाषणांपेक्षा जास्त हाती लागते.

पहिली गोष्ट पावसाळी गटाराची जाळी. तिच्या पट्ट्या रस्त्याच्या दिशेने उभ्या असतील आणि मधली फट बोटभर रुंद असेल, तर सायकलचे बारीक चाक त्यात थेट उतरते. पुढचे चाक अडकले की स्वार हँडलवरून पुढे फेकला जातो, तेही वाहत्या वाहतुकीच्या बाजूला. जाळी चौरस असेल तर ती उचलून काटकोनात फिरवून बसवली की काम झाले, खर्च जवळजवळ शून्य. आयताकृती असेल तर आडव्या पट्ट्या वेल्डिंग कराव्या लागतात. दुसरी गोष्ट चेंबर, म्हणजे रस्त्याखालच्या गटाराचे झाकण असलेले तोंड. डांबराचा प्रत्येक नवा थर ४-५ सेंटिमीटरचा असतो. झाकण वर उचलले नाही तर दोन थरांनंतर तिथे ८-१० सेंटिमीटरचा खड्डा तयार होतो, आणि तो नेमका कडेला, म्हणजे सायकलच्या वाटेत. चेंबर पातळीला आणण्याची बाब खर्चपत्रकात आहे का, हे निविदेच्या वेळीच पाहावे. नसेल तर ठेकेदार ते करणार नाही, कारण त्याचे पैसे त्याला मिळणार नसतात.

रुंदी मोजताना दोन कर्ब स्टोनमधले (कडेच्या दगडांमधले) अंतर मोजू नये. खांब, फीडर पिलर (विजेची पेटी), झाडाचे आळे आणि फलक वगळून सलग मोकळी किती जागा उरते, ते मोजावे. हँडल साधारण ६०-६५ सेंटिमीटर असते, चालवताना होणारा झोल धरून एका सायकलला एक मीटर लागतो. एकेरी मार्गात दुसऱ्याला ओलांडून जायचे तर दोन मीटर हवेत. शेजारी गाड्या उभ्या राहत असतील तर उघडणाऱ्या दारासाठी आणखी जवळजवळ मीटरभर पट्टी मोकळी सोडावी. पदपथासाठी इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी १०३ मध्ये किमान १.८ मीटर मोकळी रुंदी आणि २.२ मीटर मोकळी उंची सांगितली आहे. पदपथावरच रंग मारून सायकल मार्ग काढला जातो, तेव्हा आधी हे १.८ मीटर वेगळे उरतात का, ते विचारावे. उरत नसतील तर तो मार्ग पादचाऱ्यांच्या जागेतून काढलेला आहे आणि सायकलप्रेमींनीच त्याला हरकत घ्यावी.

सोसायट्यांच्या फाटकांपाशी सायकल मार्ग खाली उतरवून पुन्हा वर चढवतात. दर पंचवीस पावलांवर असा चढउतार आला की सायकलस्वार कंटाळून मुख्य रस्त्यावर जातो आणि मग ‘मार्ग कोणी वापरत नाही’ असा शेरा बसतो. मार्ग एकाच पातळीवर ठेवावा, गाडीने कडेच्या पट्टीतल्या छोट्या उतारावरून त्याच्यावर चढून जावे. असे केले की गाडीचा वेगही आपोआप कमी होतो. बोलार्डची, म्हणजे वाहने अडवणाऱ्या बुटक्या खांबांची चूक तर सगळीकडे दिसते. दुचाकी आत येऊ नयेत म्हणून खांब जवळजवळ लावतात. स्कूटरचे हँडल सायकलपेक्षा जेमतेम दहा सेंटिमीटर रुंद असते, त्यामुळे स्कूटर अडेल आणि सायकल आरामात जाईल अशी फट मुळात काढताच येत नाही. अडते ती व्हीलचेअर आणि तीनचाकी सायकल. खांबांमध्ये १.५ मीटर अंतर ठेवून मोटारी अडवाव्यात. दुचाकींसाठी दंडाची कारवाई हाच उपाय आहे.

सर्वांत घातक जागा चौकाची. नेमका तिथेच, वीस-तीस मीटर आधी, सायकल मार्गाचा हिरवा पट्टा संपतो. डावीकडे वळणाऱ्या ट्रक किंवा बसची मागची चाके पुढच्या चाकांपेक्षा आतून जातात आणि डाव्या अंगाला असलेला सायकलस्वार चालकाला आरशात दिसत नाही. कोपऱ्याची गोलाई मोठी असेल तर वाहन वेग न उतरवता वळते. ती गोलाई लहान करणे, सायकल मार्ग चौकातून रंगवून आणि शक्य तिथे उंचावून पार नेणे, आणि सायकलींसाठी थांबारेषा मोटारींच्या पुढे आखणे, या मागण्या आडव्या छेदात दिसत नाहीत. चौकाचा स्वतंत्र नकाशा मागावा.

वेग मोजायला यंत्र लागत नाही. खडूने ५० मीटर अंतरावर दोन रेघा ओढाव्यात आणि बाजूला उभे राहून चित्रीकरण करावे. हे अंतर ६ सेकंदांत कापले तर वेग ताशी ३० किलोमीटर, ३.६ सेकंदांत कापले तर ५०. रस्ता मोकळा असताना १०० वाहने मोजून वेग चढत्या क्रमाने लावावेत आणि ८५ वा आकडा हरकतीत लिहावा, वाहतूक अभियंते हाच आकडा धरतात. धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणून ३० ऐवजी ५० चा वेग म्हणजे जवळजवळ पावणेतीन पट आघात. गतिरोधक मागायचा तर आयआरसी ९९ मधला मागावा: ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच. तो कडेला दोन फूट सोडून संपवू नये. त्या फटीतून काढायला दुचाकीस्वार डावीकडे घुसतात, आणि तिथूनच सायकली जात असतात.

हे सारे लेखी कळवण्याला आणखी एक कारण आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली आलेल्या कलम १९८-अ नुसार रस्त्याच्या रचनेचे किंवा देखभालीचे मानक न पाळल्याने मृत्यू किंवा अपंगत्व आले, तर जबाबदार प्राधिकरण, ठेकेदार अथवा सल्लागाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. धोका आधीच कळवला होता, हे आपल्या पोचेवरच्या तारखेवरून ठरेल.

झाडांबाबत दोनच मुद्दे. वृक्ष कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे व त्याहून जुने झाड ‘वारसा वृक्ष’ ठरते, आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावावी लागतात. त्यामुळे अर्जात वय कमी दाखवले जाते का, ते तपासावे. जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर प्रत्येक बुंध्याचा घेर मोजून आपली यादी करावी आणि अर्जातल्या यादीशी ताडून पाहावी. दुसरा मुद्दा पुनर्रोपणाचा. मुळांचा गोळा खोडाच्या व्यासाच्या निदान दहापट लागतो. ३० सेंटिमीटर खोडाला तीन मीटर व्यासाचा आणि मीटरभर खोल गोळा म्हणजे दहा टनांहून जास्त माती. मुळे टप्प्याटप्प्याने कापून काही आठवडे थांबावे लागते. क्रेनची क्षमता, नव्या खड्ड्याची जागा आणि पुढच्या पाणी देण्याची जबाबदारी अर्जात नसेल, तर ते पुनर्रोपण नसून तोडच आहे, असे हरकतीत स्वच्छ लिहावे.

संपादक महोदय, आपल्याकडे या नोटिसा जाहिरात म्हणून येतात, म्हणजे त्यांची माहिती सर्वांत आधी आपल्याच कार्यालयात पोहोचते. स्थानिक पानावर दर सोमवारी ‘हरकतींची मुदत’ अशी छोटी चौकट द्यावी: जागा लोक ओळखतात त्या नावाने, सर्व्हे नंबर, काय बदलणार आहे, हरकत कुठे द्यायची आणि शेवटची तारीख. झाडांच्या नोटिशीला सातच दिवस असल्याने ती सोमवारची वाट न पाहता छापली त्याच दिवशी स्थानिक पानावरही यावी.

आपले,
काही नियमित वाचक