गाडीचा हीटर पुन्हा तापवणाऱ्या अनामिकांचे आभार

हीटर कोमट म्हटल्यावर बहुतेक जण थेट डॅशबोर्ड उघडायला धावतात. आधी रेडिएटरच्या वरच्या होसला हात लावून पाहा, असं सांगणाऱ्याचे पहिले आभार. थंड इंजिन सुरू केल्यावर तो होस लगेच कोमट व्हायला लागला, तर थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) उघडाच अडकलाय. इंजिन तापतच नाही, मग हीटरला ऊब कुठून मिळणार?

दोन्ही हीटर होस तपासायला लावणाऱ्यालाही धन्यवाद: एक गरम आणि दुसरा गार असेल, तर बहुधा हीटर कोअर (गाडीच्या आत ऊब देणारा छोटा रेडिएटर) तुंबलेला असतो, थर्मोस्टॅट बदलून पैसे वाया.

थर्मोस्टॅट बदलताना त्याचं हाउसिंगही (तो ज्यात बसतो ते आवरण) सोबत बदला, हा आग्रह धरणाऱ्याचे विशेष आभार. प्लास्टिकचं हाउसिंग उष्णतेने वाकतं, आणि नवी रबर रिंग घालूनही कडेने थेंब झिरपतो. थर्मोस्टॅट बसवताना स्प्रिंग इंजिनकडे, छोटी हवा-झडप असेल तर ती वर. रबर रिंगवर सिलिकॉन फासायचं नाही. ६ मिमीचे बोल्ट साधारण १० न्यूटन-मीटरला, आळीपाळीने. जोर लावला की प्लास्टिक तडकलंच.

आणि कूलंटमध्ये अडकलेली हवा काढायला शिकवणाऱ्याचे तर किती मानावेत! इंजिन थंड असतानाच झाकण उघडून कूलंट आणि पाणी ५०:५० मिसळून भरायचं, गाडीचं नाक वर, हीटर पूर्ण गरमवर, बुडबुडे थांबेपर्यंत इंजिन चालू. डॅशबोर्डमागे खळखळ ऐकू आली, तर हवा अजून आतच आहे.