सौदी-पाकिस्तान करार: घाबरायचं किती?

संपादक महोदय,

सौदी आणि पाकिस्तानचा संरक्षण करार झाल्यापासून आमच्या चिपळूणच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच चाललंय, आता पाकिस्तानला हात लावला की सौदी आपल्यावर तुटून पडणार. मी 11 वर्षं सौदीतल्या दम्मामला काढली म्हणून लिहितोय.

14 सप्टेंबर 2019 ला पहाटे अबकैकच्या तेल प्रकल्पावर ड्रोन आणि क्षेपणास्त्रं येऊन पडली. आमचा कॅम्प तिथून तासाभरावर. त्या सकाळी साइटची बस आलीच नाही, खोलीतला पेशावरचा वेल्डर मोबाईलवर धुराचे व्हिडिओ दाखवत होता, चहा तसाच गार, आणि सगळ्यांचं एकच म्हणणं, सौदीची पाठीराखी अमेरिका आता हल्ला करणाऱ्यांना सोडत नाही. सौदीचं निम्मं तेल उत्पादन ठप्प झालेलं! अमेरिकेने इराणवर बोट ठेवलं, निर्बंध वाढवले, थोडं सैन्य धाडलं, झालं. आम्ही दुसऱ्या दिवशी परत कामावर.

कतारचंही तेच. तिथे अल उदैदला अमेरिकेचा एवढा मोठा लष्करी तळ, तरी 9 सप्टेंबर 2025 ला इस्रायलने राजधानी दोहावर हवाई हल्ला केला. त्यानंतर आठच दिवसांत रियाधमध्ये या करारावर सह्या झाल्या. बोलणी आधीपासून चालू असतील, पण आपल्याकडे जो तो हे सगळं आपल्यासाठीच झालं असं धरून बसलाय.

आणि पाकिस्तान तरी कुठे धावून गेला होता? 2015 मध्ये सौदीने येमेनच्या युद्धासाठी मदत मागितली तर त्यांच्या संसदेने तटस्थ राहायचा ठराव केला. ते जुने मित्र असताना.

मला काळजी वेगळीच वाटते. एकावर आक्रमण म्हणजे दोघांवर, एवढं वाक्य बाहेर आलं पण पूर्ण करार काही छापून आला नाही, मग आक्रमण कशाला म्हणायचं, ते ठरवणार कोण? पाकिस्तानचे संरक्षणमंत्री ख्वाजा आसिफ आधी अणुबॉम्बही त्यात आहे अशा अर्थाचं बोलले, मग म्हणाले तसं काही नाही. असं धूसर ठेवलं की शेजारी वाईटात वाईट धरूनच चालतो आणि आणखी शस्त्रं घेतो, इराण घेईल, आपणही घेऊ. सौदीत आपली 25 लाखांच्या आसपास माणसं आहेत, त्यात कोकणातली किती तरी, माझा भाचा जुबैलला आहे, म्हणून दिल्लीने रियाधशी बोलणं तोडू नये एवढंच वाटतं.

आपला एक वाचक, चिपळूण