दसऱ्याच्या सुट्टीतले पाच दिवस दिवाळीला द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या शाळकरी मुलांच्या दिवाळीबद्दल लिहायचं आहे. कर्नाटक सरकारच्या सुट्ट्यांच्या यादीत दिवाळीच्या सुट्ट्या दोनच, नरक चतुर्दशी आणि बलिप्रतिपदा. भाऊबीज यादीत नाहीच. 2024 साली ती रविवारी आली, म्हणून बहिणींचं भागलं. सहामाहीची मोठी सुट्टी आपल्याकडे दसऱ्याला असते. त्या वर्षी ती 3 ते 20 ऑक्टोबर होती आणि नरक चतुर्दशी आली 31 तारखेला. म्हणजे सुट्टी संपवून, वह्या-पुस्तकं पुन्हा दप्तरात भरून पोरं वर्गात बसली आणि मग सण आला.

माझं माहेर चंदगड तालुक्यातलं. बाची संपून शिनोळी लागली की महाराष्ट्र, आणि तिथल्या शाळांना सुट्टी दिवाळीची. आमची मुलं दसऱ्यात आजोळी जातात तेव्हा मामाची मुलं सहामाही परीक्षेचा अभ्यास करत बसलेली असतात. मामाची मुलं दिवाळीत मोकळी होतात तेव्हा आमची शाळेत. एकाच आजीची नातवंडं, पण सगळी मिळून तिच्याकडे राहायला येतात ती फक्त मे महिन्यात.

हे झालं घरचं. माझा खरा मुद्दा किल्ल्यांचा आहे.

शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूर, कुठल्याही गल्लीत दिवाळीत फिरून बघा. दर पाच-दहा घरांमागे एक किल्ला असतो. काही तर इतके मोठे की गल्लीतून रिक्षाही जाऊ शकत नाही, आणि त्याबद्दल कुणी तक्रार करत नाही! लांबून बघणाऱ्याला वाटतं, पोरांनी मातीचा ढीग केला आणि वर मावळे ठेवले. तसं नसतं. आधी दगड-विटांचा सांगाडा रचायचा. मग पोती चिखलात भिजवून त्यावर अंथरायची. हा पहिला थर निदान दोन दिवस वाळावा लागतो. ओल्यावरच दुसरा थर चढवला तर बुरूज खाली बसतो. मग तटबंदी, दरवाजे, पायऱ्या. त्यानंतर उतारावर आळीव, मोहरी किंवा नाचणा पेरायचा. त्याला हिरवं व्हायला चार-पाच दिवस लागतात आणि रोज दोनदा हलक्या हातानं पाणी मारावं लागतं. शेवटी रंग, दिवे, महाराजांची मूर्ती आणि माहितीचा फलक. सगळं धरून आठ-दहा दिवसांचं काम आहे, तेही सलग. दसऱ्याच्या सुट्टीत किल्ला करून ठेवला तर दिवाळीपर्यंत आळीव लांब होऊन पिवळं पडतं, नाहीतर परतीचा पाऊस येऊन अर्धा डोंगर गटारात घालवतो.

त्यामुळे मुलं काय करतात? साडेचारला शाळा सुटते, पाचला ट्यूशन. सहा वाजता अंधार पडायला लागतो. मग रस्त्यावरच्या दिव्याखाली, बापाच्या मोबाइलची बॅटरी लावून नऊ-साडेनऊपर्यंत चिखल कालवणं चालतं. दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला झोप. आया ओरडतात. मीही ओरडते.

त्यात शिकण्यासारखं काय आहे, असं विचारणारे असतात. त्यांनी एकदा रात्री उभं राहून पोरांना किल्ल्याची माहिती सांगताना ऐकावं. गेल्या खेपेला आमच्या गल्लीत राजगड होता. पद्मावती, सुवेळा, संजीवनी या तीन माच्या तीन दिशांना कशा सुटतात आणि मधे बालेकिल्ला कसा उंच येतो, हे सहावीतल्या पोरानं काठी लावून दाखवलं. त्यासाठी आधी नकाशा काढला होता, मोजमाप धरलं होतं, कुठली माची लांब आणि कुठली आखूड यावरून दोन दिवस भांडण झालं होतं. पलीकडच्या गल्लीत सिंधुदुर्ग. त्याच्याभोवती पाणी थांबेना, म्हणून पोरांनी प्लास्टिकचा कागद घालून वर चिकणमाती थापली. वर्गणी काढणं, हिशेब ठेवणं, कुठं नव्या घराचा पाया खणलाय आणि तिथं तांबडी माती मिळेल याचा पत्ता लावणं ही कामंही तीच करतात. आता यूट्यूबवर बघून करतात आणि प्लास्टरचे तयार मावळे आणतात, हे खरं आहे. तरी चिखलात हात त्यांचेच असतात.

आणि हे फक्त मराठी मुलांचं आहे असं कुणी समजू नये. आमच्या शेजारच्या कन्नड घरातला मुलगा दरवाजे करण्यात सगळ्यात तरबेज. पाडव्याला सजवलेल्या म्हशी पळवतात, ते बघायला दोन्ही भाषांची पोरं एकाच कट्ट्यावर चढून बसतात. सुट्टीची मागणी केली की लगेच सीमावादाचा रंग दिला जातो, म्हणून हे मुद्दाम लिहिते.

दसऱ्याची सुट्टी रद्द करा असं मी म्हणत नाही. म्हैसूरचा दसरा हा राज्याचा सण आहे, त्यावरून वेळापत्रक ठरतं, ते समजतं. आपल्याकडेही नवरात्रात पहाटे दुर्गामाता दौडीला पांढऱ्या कपड्यांत, फेटे बांधून किती मुलं धावतात! त्या दिवसांत शाळा असती तर तेही अवघड झालं असतं. पण दसरा झाल्यावर उरलेल्या सुट्टीत पोरं नुसती मोबाइल बघत लोळतात. तेच दिवस पुढं सरकवता येतील.

वेळापत्रक लवचीक आहे हे आपण बघितलेलं आहे. 2025 साली सामाजिक व शैक्षणिक सर्वेक्षणाला शिक्षक लागले, म्हणून सरकारी आणि अनुदानित शाळांची दसऱ्याची सुट्टी 18 ऑक्टोबरपर्यंत वाढवली गेली. अतिवृष्टीत खानापुरात सुट्टी जाहीर होते आणि ते दिवस नंतर भरून काढले जातात. शिवाय ज्या शाळांना नाताळची सुट्टी हवी असते, त्यांनी जिल्ह्याच्या शिक्षण उपसंचालकांकडे अर्ज करायचा आणि तेवढे दिवस दसऱ्याच्या सुट्टीतून कमी करायचे, अशी सोय शिक्षण खात्याच्या परिपत्रकात असते. ती योग्यच आहे. तशीच सोय दिवाळीसाठी मागायला काय हरकत आहे? एकूण कामाचे दिवस तेवढेच राहतात, सरकारचा एक दिवसही बुडत नाही.

बेळगाव आणि चिकोडी या दोन्ही शैक्षणिक जिल्ह्यांच्या उपसंचालकांना माझी विनंती आहे की, दसऱ्याच्या सुट्टीतले शेवटचे पाच दिवस कमी करून ते धनत्रयोदशीच्या आधीपासून भाऊबीजेपर्यंत द्यावेत. सगळ्या शाळांना नको असेल तर ज्या शाळा मागतील त्यांना द्या. मात्र कुणी मागितलंच नाही तर अधिकारी आपणहून देणार नाहीत. एसडीएमसीच्या, म्हणजे शाळा विकास आणि देखरेख समितीच्या, सभांना आपण पालक सहीपुरते जातो. या जूनच्या सभेत हा विषय घ्या, ठराव लेखी करा, मुख्याध्यापकांमार्फत बीईओ (गटशिक्षणाधिकारी) कार्यालयात पाठवा आणि पोच घ्या. आमच्या शाळेतल्या काही पालकांशी मी बोलले आहे. त्यातले निम्मे कन्नड माध्यमाच्या वर्गातले आहेत.

आपली,
एक पालक, वडगाव, बेळगाव