दवण्याच्या वासाची बियर

रेडिंग,
चैत्र वद्य प्रतिपदा

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. हे फोनवर सांगता आलं असतं, पण तू मध्येच "मग चढली का?" असं विचारून विषयच संपवला असतास. म्हणून लिहितोय. सवडीनं वाच.

गेल्या शनिवारी इथल्या एका बाटल्यांच्या दुकानात शिरलो होतो. काउंटरवरच्या पोरानं एक पेल एल, म्हणजे फिकट रंगाची बियर, पुढे केली. म्हणाला, हॉप्स, म्हणजे बियरला कडवटपणा देणारी वेलीची फुलं, अगदी नावाला, बाकी सगळी जुनी गावठी झाडपाल्याची चव. अर्ध्या लिटरची तपकिरी बाटली, साडेचार टक्के, लेबलवर तीन वनस्पतींची चित्रं: मगवर्ट, यारो आणि बॉग मर्टल. बियरचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तू कुणाकडून तरी मागवशील आणि नंतर मला शिव्या घालशील. दोन बाटल्या घेतल्या.

पहिल्या बाटलीची माती मीच केली. हॉस्टेलची सवय जाते कुठे! बियर म्हणजे बर्फासारखी गारच पाहिजे, म्हणून काल संध्याकाळी तासभर फ्रीझरमध्ये कोंबली. वर ओततानाही घाई. या बाटल्यांत यीस्ट जिवंत असतं, तळाशी त्याचा साका बसतो. बाटली हळूच कलती करून शेवटचा बोटभर भाग आत ठेवायचा असतो. मी सगळी उपडी केली. ग्लासात ताकासारखं गढूळ पाणी. घोट घेतला तर गार, कडवट, बाकी काहीच नाही. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा! हिनं ग्लासाकडे बघून विचारलं, "काढा घेतोयस? सर्दी झालीय का?"

तेवढ्यात आईचा फोन. काल जोतिबाची यात्रा ना. सासनकाठ्या कशा नाचल्या, शेजारच्यांची पोरं गुलालात कशी ओळखू येईनात, दवण्याच्या पेंढीला यंदा काय भाव होता, सगळं साग्रसंगीत अर्धा तास चाललं. फोन ठेवून ओट्यापाशी आलो, ग्लास उचलला आणि जागीच थांबलो. ग्लासातून दवण्याचा वास येत होता!

आधी वाटलं, आईच्या बोलण्याचा परिणाम. पुन्हा हुंगलं. अगदी आपला दवणा नव्हे, त्याचा तो फळासारखा गोडवा नव्हता. पण पेंढी देव्हाऱ्यात दोन दिवस राहिली की तिला जो कोरडा, जरासा कडसर वास सुटतो ना, थेट तसा. शोधलं तर निघालं की मगवर्ट आणि दवणा एकाच आर्टेमिसिया कुळातले. सख्खे नसतील, चुलत तरी आहेतच. यारो शेवंतीच्या गोतावळ्यातली. शेवंतीचा पाला चुरगळल्यावर बोटांना जो वास राहतो, तो मागून येतो. आणि बॉग मर्टल म्हणजे दलदलीत वाढणारं झुडूप, त्याला राळ आणि निलगिरी यांच्या मधला वास. बियर कोमट होऊ द्यायची नाही, पण माठातल्या पाण्याइतकी गार असली की पुरे, हे मला तेव्हा कळलं.

हे कुणी नवं खूळ काढलंय असं समजू नकोस. इंग्लंडात हॉप्स यायच्या आधी एल अशीच असायची, परसातला आणि बांधावरचा पाला घालून केलेली. करायच्या बायका, घरच्या चुलीवर. ताजी एल तयार झाली की दाराबाहेर काठीला झुडपाची फांदी बांधायची, म्हणजे गावाला कळायचं. विकायची तर ती चाखून बघणारा अधिकारीसुद्धा नेमलेला असे. शेक्सपिअरच्या वडिलांना १५५६ साली स्ट्रॅटफर्डमध्ये हेच काम मिळालं होतं. सरकारी नोकरी असावी तर अशी, नाही का?

हॉप्स आल्या समुद्रापलीकडून, डच आणि फ्लेमिश लोकांकडून. त्यांचं स्वागत कसं झालं? १५४२ साली अँड्र्यू बूर्ड नावाच्या वैद्यानं लिहून ठेवलं की एल हे इंग्रजाचं स्वाभाविक पेय आणि हॉप्सची बियर डच माणसाची. पण हॉप्सकडे एक गुण होता जो या बिचाऱ्या पाल्यांकडे तेवढा नव्हता. हॉप्समुळे बियर टिकते, तिला आंबट करणारे जंतू वाढत नाहीत. घरची एल चार दिवसांत तोंड वाकडं करायला लावायची. पुढे १७१० साली पार्लमेंटनं हॉप्सवर कर बसवला आणि ब्रुअरना हॉप्सऐवजी दुसरा कुठलाही कडू पाला घालायला बंदी केली. कर बुडू नये म्हणून! वर्मवुड, म्हणजे दवण्याचा आणखी एक कडू भाऊबंद, त्याच कायद्यात बाहेर पडला.

तू मागे पुण्याच्या पबातून फोटो टाकून विचारलं होतंस, इंडिया पेल एलमध्ये इंडिया कुठून आला. तो इथूनच. लंडनच्या बो भागात हॉजसनची ब्रुअरी होती, ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांच्या धक्क्यापासून जवळ. त्याची भरपूर हॉप्स घातलेली पेल एल आफ्रिकेला वळसा घालून कित्येक महिन्यांनी मुंबई-कलकत्त्याला पोचायची आणि तरी पिण्यासारखी असायची. माझ्या ग्लासातली ही दवणावाली त्या जहाजावर चढली असती, तर मुंबईच्या बंदरात बियरऐवजी व्हिनेगर उतरलं असतं.

आता खरं सांगू? वास दहापैकी नऊ, चव सहा. पहिले चार घोट मस्त. पुढे यारोचा तुरटपणा जिभेवर साचत जातो, माल्ट, म्हणजे मोड आणलेल्या धान्याची चव, पातळ आहे, ते त्याला सावरून धरत नाही. सोबत आईनं पाठवलेलं लसणाचं भडंग घेतलं, ती तर सपशेल चूक. तिखट आणि कडू एकमेकींना सवतीसारख्या भिडल्या. उकडलेल्या शेंगा मात्र चालल्या. दोघांत एक बाटली, एवढंच तिचं माप. एकट्यानं अख्खी संपवायला गेलास तर शेवटी काढाच पितोयस असं वाटेल. हिचं निदान तेवढ्यापुरतं बरोबर होतं.

एक गंमत राहिली. परसात जमिनीसरशी पसरणारं, बारीक जांभळ्या फुलांचं एक तण आहे, दर वसंतात मी ते उपटून टाकतो. आज सकाळी त्याचं नाव कळलं: एलहूफ. एलमध्ये घालायचा तो पाला हाच. पान चुरडून बघितलं, पुदिन्यासारखा उग्र वास. यंदा कोपऱ्यातलं तसंच ठेवलंय.

दुसरी बाटली दिवाळीला घेऊन येतो. यंदाच्या दवण्याच्या दोन काड्या आईकडून मागून कागदात गुंडाळून ठेव. एका ग्लासात काडी टाकू, एक तसाच ठेवू, आणि बघू कुठला बरा लागतो. आणि मी बाटली हातात दिल्यावर ती फ्रीझरमध्ये टाकू नकोस. माठाशेजारी उभी ठेव.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
रेडिंगकर