दमण्याआधी उतरत जा

चि. ताईस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

घोड्यावरून पडल्याचे तू आईला सांगितलेस आणि बाबांना कळू देऊ नकोस अशी तिला शपथ घातलीस, हे मला धाकट्याकडून समजले. त्याच्यावर रागावू नकोस. त्याच्या पोटात काही राहत नाही हे तुला माहीतच आहे. मुका मार आहे, हाड शाबूत आहे आणि आठवडा उलटायच्या आत तू पुन्हा खोगिरावर बसलीस, एवढे कळल्यावर त्या पडण्याविषयी एक अक्षरही लिहिणार नाही असे मी तुझ्या आईला कबूल केले आहे. तेव्हा हे पत्र तुझ्या प्रशिक्षकांनी तुला जे सुनावले त्याबद्दल आहे. अडथळ्यांवरून उड्या सुरू करायच्या असतील तर आधी अंगात ताकद आणि छातीत दम आण, असे ते म्हणाले आणि तुला ते फार लागले, असे आईकडून कळते. मी काही घोडेस्वार नव्हे, पण आयुष्यभर मुलांकडून कवायत करून घेतली आहे, आणि शरीर कोठे दगा देऊ लागले आहे हे मला लांबूनही दिसते. ते गृहस्थ बरोबर सांगत आहेत.

तू पाठवलेला व्हिडिओ मी पुन्हा पुन्हा पाहिला. आरंभीच्या फेऱ्यांत तुझा कान, खांदा, कंबर आणि टाच एका सरळ रेषेत आहेत, आणि ते पाहताना, तुला आजवर सांगितले नाही, पण माझा ऊर भरून आला. दुडक्या चालीत घोड्याचा एका बाजूचा पुढचा आणि दुसऱ्या बाजूचा मागचा असे तिरपे पाय जोडीने पडतात आणि प्रत्येक पावलाला स्वार वर फेकला जातो. तो धक्का कमरेने आणि पाठीच्या खालच्या भागाने जिरवायचा असतो. जोवर पोटाचे आणि पाठीचे स्नायू ताजे असतात तोवर हे आपोआप होते. ते थकले की धड पुढे झुकते, गुडघे खोगिराला आवळले जातात, टाच वर येते आणि तोल सावरण्यासाठी हात लगामाचा आधार शोधू लागतात. लगामाचे दुसरे टोक घोड्याच्या तोंडातल्या कडीला असते. तो मान झटकतो किंवा पाय उचलतो, त्यामुळे धक्के वाढतात आणि स्वार आणखी आवळून बसतो. तुझ्या व्हिडिओच्या शेवटच्या फेऱ्यांत हे सगळे याच क्रमाने दिसते. टाच वर गेली की पायातली रिकीब सुटायला कितीसा वेळ लागतो? त्या दिवशीही रिकीब तासाच्या अखेरीसच सुटली, असे धाकटा म्हणाला. हे लिहायचे नव्हते, पण लिहून गेलो.

आता व्यायामाचे सांगतो. मांड पक्की करायची म्हणून तू मांड्यांच्या आतल्या बाजूचा जोर वाढवत असशील, तर तो बेत मागे ठेव. मांड्यांनी नुसते आवळून धरले की कंबरेचा सांधा जखडतो आणि स्वार खोगिरातून वर ढकलला जातो. आधी धड बांध. कोपरे आणि पायाची बोटे टेकून शरीर फळीसारखे ताठ धरणे, तेच एका कुशीवर करणे, हात-गुडघ्यांवर येऊन उजवा हात आणि डावा पाय एकदम लांबवणे, मग उलट, आणि उताणे पडून गुडघे दुमडून कंबर उचलणे, एवढ्यावर पहिले काही आठवडे काढता येतील. किती वेळ धरलेस याला महत्त्व देऊ नकोस. कंबर खाली झुकली किंवा श्वास कोंडला की तो प्रयत्न तेथेच संपला असे समज. भिंतीला पाठ लावून हवेतल्या खुर्चीत बसण्याचा व्यायाम मात्र उड्यांच्या दृष्टीने अवश्य कर, कारण खोगिरावरून उठून रिकिबींवर भार घेतला की मांड्या अशाच पेटतात. पायरीच्या कडेवर चवडे ठेवून टाचा हळूहळू खाली सोडत जा; टाच खाली राहण्यासाठी पोटरीत आणि घोट्यात लवचीकपणा लागतो, आणि तुझा डावा घोटा त्या जुन्या प्रकारापासून आखडलेलाच आहे. एका पायावर उभे राहून दोन्ही बाजूंची तुलना कर. डावीकडे लवकर डगमगशील. तो कलता भार घोड्याला पाठीवर सतत जाणवतो, आणि वळणे एकाच बाजूला चांगली येतात याचे खापर आपण बिचाऱ्या जनावरावर फोडतो.

हे सारे आठवड्यातून तीनदा पुरे, मध्ये एक दिवस सोडून. व्यायामाने स्नायूंवर ताण पडतो आणि त्यांची बांधणी विश्रांतीत होते. नव्या व्यायामाचे अंगदुखणे पहिल्या दिवसापेक्षा दुसऱ्या दिवशी जास्त जाणवते, तेव्हा त्या दिवशी कठीण रपेट ठेवू नकोस. दमासाठी भरभर चालणे, पोहणे किंवा दोरीवरच्या उड्या, यांपैकी जे तू टाळणार नाहीस ते कर. अडथळ्यांची फेरी जेमतेम मिनिट-दीड मिनिटाची असते, पण तेवढ्यात छाती फुटायची वेळ येते, कारण नवा स्वार अडथळा दिसताच श्वास रोखतो. मोठ्याने आकडे म्हणत धावून बघ. घोड्यावरही आकडे मोठ्याने म्हण. श्वास कोंडून बोलता येत नाही. जागतिक आरोग्य संघटना सर्वसाधारण प्रौढ माणसाला आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रम आणि किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगते; ते तर तू ओलांडशीलच. मला काळजी उलट्या बाजूची आहे.

तू लहान असताना पोहायला नेले की ओठ निळे पडले, दात वाजू लागले, तरी पाण्याबाहेर यायची नाहीस. तुझे आजोबा काठावर टॉवेल घेऊन उभे, आणि तू प्रत्येक वेळी तळाशी बुडी मारून त्यांना फसवायचीस. शेवटी मलाच कपड्यांनिशी उतरावे लागायचे. त्या वर्षीच्या दवाखान्यातसुद्धा, डॉक्टरांनी चालायला सांगितले तर तू पळून दाखवलेस आणि संध्याकाळी पुन्हा सलाईन लागले. ही जिद्द तुझ्या आईकडून आली असे मी चारचौघांत म्हणतो आणि मनातून ती माझी आहे असे समजून सुखावतो. घोड्यावर मात्र या जिद्दीचेच मला भय वाटते. दमलेला धावपटू रस्त्याच्या कडेला बसू शकतो. दमलेला स्वार एका हलत्या, बुजऱ्या जनावराच्या पाठीवर असतो आणि आपण दमलो आहोत हे त्याच्याआधी घोड्याला कळलेले असते. म्हणून पाय थरथरू लागण्याआधी, अजून एक फेरी चांगली होईल असे वाटत असतानाच उतरत जा.

पुन्हा शिकवणीच सुरू झाली. क्षमा कर, निवृत्त झालो तरी शिट्टी सुटत नाही.

तरी जेवण कमी केले आहेस ते मला अजिबात मान्य नाही. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्श्याच्या आत असावे, हा बऱ्याच ठिकाणी पाळला जाणारा अंदाज आहे, आणि ४५० किलोच्या घोड्यासाठी तू त्याच्या आसपाससुद्धा येत नाहीस. उपाशी शरीर लवकर थकते, आणि थकल्यावर काय होते ते वर लिहून झाले आहे. दुसरे असे की तुम्ही घोड्याला कामाला लावण्याआधी दहा मिनिटे साध्या चालीने फिरवता, त्याचे अंग मोकळे करता. आणि स्वतः मात्र गाडीतून उतरून आखडलेल्या कमरेने थेट रिकिबीत पाय घालता. खरारा स्वतःच्या हाताने करत जा, थोडे चाल, कंबर आणि खांदे फिरव. स्नायू ताणून धरण्याचे व्यायाम उतरल्यावर कर.

डेन्मार्कच्या लिस हार्टेल या बाईंविषयी मी तुझ्यासाठी वाचून काढले. १९४४ मध्ये, पोटात मूल असताना, त्यांना पोलिओ झाला आणि गुडघ्यांखालचे पाय कायमचे निकामी झाले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ड्रेसाजची, म्हणजे घोड्याकडून ठरावीक चाली सफाईने करून घेण्याची, स्पर्धा स्त्रियांना प्रथमच खुली झाली, तीही पुरुषांच्या बरोबरीने, आणि त्यांनी रौप्यपदक मिळवले. १९५६ मध्ये पुन्हा मिळवले. घोड्यावर चढण्या-उतरण्यासाठी त्यांना मदत लागत असे. टाचेने घोड्याला इशारा देण्याची सोयच नव्हती, म्हणून धडाच्या भारावर आणि कमरेच्या हालचालीवर सारे चालले. तुझ्या प्रशिक्षकांनी महिनाभर तुला रिकिबींशिवाय, लांब दोरीवर गोल फिरवले तेव्हा तू शिक्षा म्हणून रडलीस. त्या फेऱ्यांत तू हेच शिकत होतीस. तुझे धड तसे झाले तर मी रात्री झोपेन, असे लिहिणार होतो, पण तसे होणार नाही. मी तेव्हाही जागाच राहीन.

उड्या केव्हा सुरू करायच्या ते तुझ्या प्रशिक्षकांना ठरवू दे. मी येऊ नये असे वाटत असेल तर तसे कळव. मी कुंपणाबाहेर उभा राहीन आणि तोंडातून शब्द काढणार नाही. आई म्हणते की हे मला जमणार नाही.

तुझे,
बाबा

ता. क. डोके जमिनीला आपटले होते का, हे कोणीच मला नीट सांगत नाही. आपटले असेल तर हेल्मेटला बाहेरून तडा दिसत नसला तरी ते टाकून नवे घे, कारण आतला फोम एकदा दबला की पुन्हा तेवढा मार सोसत नाही. घेतलेस की एका ओळीत कळव.