भोंगा वाजल्याची नोंद कोणी ठेवायची?

महोदय,

युद्धात विषारी रसायनांचा संपर्क आल्याचे सांगणाऱ्या माजी सैनिकाकडेच पुरावा मागितला जातो. पण हवेत काय होते हे मोजणारी साधने आणि नोंदवह्या त्याच्या ताब्यात कधीच नव्हत्या. १९९१ च्या आखाती युद्धातील अमेरिकी सैनिकांची परवड मला मुख्यतः याच कारणाने झालेली दिसते.

४ आणि १० मार्च १९९१ रोजी अमेरिकी तुकड्यांनी दक्षिण इराकमधील खमिसिया येथील दारूगोळा उडवून दिला. त्यातील काही रॉकेटांत सारिन आणि सायक्लोसारिन ही मज्जासंस्थेवर घाला घालणारी विषारी रसायने होती, याची त्या जवानांना कल्पना नव्हती. संयुक्त राष्ट्रांचे निरीक्षक त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तेथे पोहोचले, तरी पेंटागॉनने जाहीर कबुली दिली ती थेट जून १९९६ मध्ये. पुढे वारा आणि धुराचा लोट यांचे संगणकीय अंदाज बांधून १९९७ मध्ये सुमारे ९९ हजार सैनिकांना संपर्काची शक्यता कळवणारी पत्रे गेली. २००० मध्ये गणित पुन्हा मांडले, तेव्हा त्यांतील हजारो जण यादीतून बाहेर गेले आणि हजारो नवे आत आले. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने तर २००४ मध्ये हे अंदाजच भरवशाचे नसल्याचे सांगितले. यादीतून नाव निघाले म्हणून कोणाचा युद्धानंतर जडलेला थकवा, सांधेदुखी किंवा विस्मरण गेले नाही.

म्हणून अमेरिकी वैद्यकीय संशोधक डॉ. रॉबर्ट हेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे २०२२ मधील संशोधन मला फार मोलाचे वाटते. त्यांनी आखाती युद्धातील, अशा त्रासांनी आजारी असलेल्या ५०८ आणि निरोगी असलेल्या ५०८ माजी सैनिकांना रासायनिक धोक्याचा भोंगा ऐकला होता का, असे विचारले आणि सारिनचे विघटन करणारे एन्झाइम ज्यावर अवलंबून असते, त्या पीओएन१ जनुकाची तपासणी केली. भोंगा ऐकलेल्यांमध्ये ज्यांच्या जनुकाचा प्रकार सारिनपुढे दुबळा होता, त्यांच्यात आजाराचा धोका सर्वाधिक आढळला. इतक्या वर्षांनी आठवणीत चूक होऊ शकते, हा आक्षेप रास्तच आहे. परंतु आपल्या जनुकाचा प्रकार कोणता, हे उत्तर देणाऱ्या सैनिकाला ठाऊक नव्हते. मग त्याच्या आठवणीतली चूक नेमकी त्या प्रकाराबरहुकूम कशी घडेल? सैनिकाने सांगितलेले ऐकून घेऊन ते शास्त्राच्या कसोटीवर लावता येते, हे येथे दिसले.

सोमान या सारिनसारख्याच विषारी रसायनापासून बचावासाठी दर आठ तासांनी घ्यायच्या पायरिडोस्टिग्मिनच्या गोळ्या कोणी किती घेतल्या, याचीही धड नोंद त्या वेळी ठेवली गेली नव्हती. भोंगा कधी व कुठे वाजला आणि कोणती औषधे दिली, याची प्रत प्रत्येक जवानाच्या वैद्यकीय कागदपत्रांत लावणे कोणत्याही सैन्यदलाला बंधनकारक असावे, आणि जिथे ती नोंद नसेल तिथे संशयाचा फायदा आजारी सैनिकालाच मिळावा.

आपला,
एक नियमित वाचक