स्कॉलरशिप येते, पण फीची तारीख गेल्यावर

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

मी बेळगावातल्या वडगावचा विणकर, घरात दोन माग आहेत. मुलगी एम.कॉम.ला, मुलगा बीएस्सीला. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट करणारी शक्ती योजना आली आणि पोरीच्या बसचा खर्च गेला, रोज सीबीटीला, म्हणजे बेळगावच्या मुख्य बसस्टँडला, बस बदलून भूतरामहट्टीला विद्यापीठात जाते, फुकट, त्याबद्दल सरकारचे खरंच आभार. पोराला मात्र पास काढावाच लागतो, आणि फी दोघांचीही आधीच भरायची असते.

स्कॉलरशिप मिळतच नाही असं मी म्हणत नाही, वेळेवर मिळत नाही. गेल्या वर्षी जात-उत्पन्नाच्या दाखल्यांसाठी माझे चार दिवस बुडाले, माग बंद म्हणजे मजुरी बंद, मग पोराचा फॉर्म कुठं अडकला तर आधार दुसऱ्याच बँक खात्याला जोडलेलं, आणि स्क्रीनवर सगळं कन्नड नाहीतर इंग्लिश, मराठी शाळेत शिकलेल्या आईबापांना त्यातलं काय कळणार सांगा. तोवर त्याच्या कॉलेजनं फी बाकी म्हणून परीक्षेचा फॉर्म थांबवला. बायकोनं कानातली फुलं काढून माझ्या हातात दिली, ती गहाण ठेवून फी भरली. पैसे खात्यावर आले तेव्हा पुढच्या वर्षाची अॅडमिशन सुरू झालेली, त्यामुळं ते तिकडंच गेले, फुलं अजून सुटली नाहीत.

म्हणून कॉलेजांना कळकळीची विनंती आहे, ज्या पोराचा अर्ज गेलाय त्याची फी हप्त्यानं घ्या, परीक्षेचा फॉर्म अडवू नका. फॉर्मच्या दिवसांत मराठी बोलणारा एक माणूस मदतीला बसवला तरी निम्मे अर्ज दुरुस्त होतील. होस्टेलला जागा न मिळालेल्या मागासवर्गीय पोरांना राहण्या-जेवणासाठी कर्नाटक सरकारची विद्यासिरी योजना आहे, तिचे महिन्याला १५०० रुपये दहा महिने मिळतात हे आमच्या गल्लीत कित्येकांना माहीतच नाही. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात कमवा आणि शिका योजना आहे, पोरं काम करून शिकतात, तसं लायब्ररीत, ऑफिसात दोन तासांचं काम इकडंही द्या की.

आणि आपल्या मराठी पतपेढ्यांना, सोसायट्यांना एक सांगणं. दरवर्षी दहावी-बारावीच्या पोरांचा गुणगौरव करता, कौतुकच आहे. पण तीच पोरं डिग्रीला गेल्यावर फीला अडतात, तेव्हा स्कॉलरशिप येईपर्यंत बिनव्याजी रक्कम द्या, पैसे आले की परत घ्या. दागिना न ठेवता, पालकाच्या सहीवर.

पुढच्या सेमिस्टरचा फॉर्म पंधरा दिवसांवर आलाय, म्हणून हे आत्ताच लिहितोय.

आपला,
एक पालक, वडगाव, बेळगाव